दूरचित्रवाणीची कणगी

१ ऑगस्ट १९७५ रोजी तेव्हाच्या गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील काही खेड्यांत एक नवलाची गोष्ट घडली. तारेच्या जाळीची सुमारे १० फूट व्यासाची छत्री उभारून गावाने दूरचित्रवाणीचा संच लावला आणि अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून थेट चित्रे दिसू लागली. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा तो प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत झाला. कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे निवडले गेले होते. रोज ४ तास कार्यक्रम होत. सकाळचे शाळेतील मुलांसाठी, सायंकाळचे गावकऱ्यांसाठी.

३१ जुलै १९७६ रोजी वर्ष संपले, उपग्रह दुसरीकडे हलविण्यात आला आणि छत्री रिकामी झाली. त्या पाहुण्याविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, तो हिंदी, कन्नड, तेलुगू व ओडिया या चार भाषा बोलत असे; मराठी बोलत नसे. दुसरी, तो जे सांगे ते गावाला जपून ठेवता येत नसे. जो वेळेवर आला त्याने पाहिले, जो शेतात अडकला त्याचे हुकले.

पहिली उणीव आता दूर झाली आहे. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये, निराळ्या नावाने, सुरू झाली. तिला महिन्याची वर्गणी नाही आणि तिच्यावर सह्याद्री ही मराठी वाहिनी दिसते. दुसरी उणीव मात्र बहुतेक घरांत अजून तशीच आहे. ती कशी भरून काढावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मी बीदर जिल्ह्याच्या सीमाभागात मराठी शिकवितो. भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूची आमची मुले घरी जी मराठी बोलतात तिच्यात कन्नड व उर्दू शब्द सहज मिसळलेले असतात. त्या बोलीला तिचा गोडवा आहे. कन्नड ही तर राज्याची भाषा. ती मुलांना उत्तम आलीच पाहिजे. परंतु सभेत, बातमीत, व्याख्यानात वापरली जाणारी मराठी त्यांच्या कानांवर फारशी पडत नाही, आणि जी भाषा कानांवर पडत नाही ती वाचताना मूल अडखळते. म्हणून मी मुलांना सांगत असे, सायंकाळच्या बातम्या ऐका आणि पाच वाक्ये लिहून आणा. दुसऱ्या दिवशी निम्म्या वह्या कोऱ्या. “सर, लाईट गेली होती.” “सर, मी म्हशी घेऊन रानात होतो.” मुले खोटे बोलत नव्हती. दोष वेळेचा होता. तेव्हा एका जुन्या संगणकास मी या कामास जुंपले.

हे यंत्र कसे चालते ते पाहू. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी स्थिर दिसतो. बीदरहून पाहिले तर ती जागा आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येते. त्या बाजूस झाड अथवा भिंत आड येऊ नये. डिशच्या तोंडाशी बसविलेला एलएनबी हा भाग अतिशय उच्च कंप्रतेच्या लहरी कमी कंप्रतेवर आणतो, म्हणजे त्या साध्या केबलमधून घरात उतरू शकतात. एरवी ही केबल सेटटॉप बॉक्सला जाते. आपण ती संगणकात बसविलेल्या उपग्रह ट्यूनर कार्डाला जोडावयाची.

केबलमधून जे येते ते वाडी जंक्शनवरून जाणाऱ्या मालगाडीसारखे असते. एकाच गाडीला अनेक ठिकाणचे डबे जोडलेले असावेत, तशा एका लहरीवर अनेक वाहिन्या एकत्र धावतात. प्रत्येक डबा १८८ बाइटांचा आणि प्रत्येकावर क्रमांक. ‘टीव्हीहेडएंड’ नावाचा, लिनक्सवर चालणारा विनामूल्य प्रोग्राम हवे ते क्रमांक निवडतो व ते डबे जसेच्या तसे डिस्कवर उतरवून ठेवतो. चित्र नव्याने घडवावयाचे नसल्यामुळे जुना संगणकही हे काम सहज करतो. एका ट्यूनरने एका वेळी एकच गाडी धरता येते. पण त्या गाडीतील दोन-तीन वाहिन्या एकदम उतरवून घेता येतात.

जागा किती लागते? वाहिनी सेकंदाला ३० लाख बिट या वेगाने येत असेल, तर एका तासाचे सुमारे १.३५ गिगाबाइट होतात. १ टेराबाइटच्या डिस्कवर असे ७०० हून अधिक तास मावतात. रोज अर्ध्या तासाच्या बातम्या ठेवल्या तरी वर्षाला १८३ तासच भरतात.

मुद्रणाची वेळ एकदा ठरवून दिली की यंत्र आपण होऊन जागे राहते. कार्यक्रम मागेपुढे होतात, म्हणून आधी ५ आणि नंतर १० मिनिटे जादा ठेवावीत. आमच्या भागात यूपीएसला पर्याय नाही. वीज परत आली की संगणक आपोआप सुरू व्हावा, अशीही सोय त्याच्या सेटिंगमध्ये करून ठेवावी. जोराच्या पावसात लहर क्षीण होते. त्यावर मात्र उपाय नाही.

साठविलेले चित्र घरातील वाय-फाय राउटरवरून टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहता येते. त्यासाठी ‘कोडी’ हा विनामूल्य प्रोग्राम चांगला. येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. घरातल्या घरात चित्र पाठविण्यास इंटरनेट लागत नाही. ज्या खेड्यात इंटरनेट धड चालत नाही तेथेही ही व्यवस्था चालते.

हे कायद्यास धरून आहे काय, असे कोणी विचारील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ३९ वे कलम स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी प्रक्षेपणाचे मुद्रण करण्यास मोकळीक देते. ते विकणे किंवा इंटरनेटवर सर्वांसाठी मांडणे मात्र या मोकळिकीत बसत नाही. ज्या वाहिन्यांना पैशाचे सांकेतिक कुलूप आहे, त्यांच्या वाटेसही जाऊ नये.

आता माझे विद्यार्थी बातम्या वर्गात ऐकतात. एखादे वाक्य समजले नाही तर आम्ही मागे जाऊन ते पुन्हा ऐकतो, शब्द फळ्यावर लिहितो, त्याला कन्नड प्रतिशब्द शोधतो. कोऱ्या वहीला आता लाईटचे निमित्त उरलेले नाही.

आपले वडीलधारे सुगीत ज्वारी कणगीत भरून ठेवीत, कारण पीक वर्षातून एकदाच येते आणि भूक मात्र रोज लागते. भाषेचीही भूक रोजचीच असते. १९७६ साली पाहुणा निघून गेला तेव्हा गावाकडे कणगी नव्हती. आज ती एका जुन्या संगणकाच्या खोक्यात तयार होऊ शकते. ज्या शाळेत असा संगणक धूळ खात पडला असेल, त्या शाळेने एवढे करून पाहावे.