पातळ आरशाची बैठक

स्वहस्ते दुर्बीण बांधणारा हौशी मनुष्य आरसा घासण्यात महिनोन्‌महिने जीव ओततो, त्याची बैठक मात्र उरल्यासुरल्या फळकुटांतून एका संध्याकाळी उरकतो, आणि पुढे तारे विस्कटलेले दिसू लागले म्हणजे सारा दोष काचेच्या माथी मारतो. वास्तविक काच स्वभारानेच वाकते. व्यासाच्या एक-षष्ठांश जाडी राखण्याचा जुना शिरस्ता याच धास्तीतून पडला. पण त्या हिशेबाने ५० सेंटिमीटर व्यासाचा आरसा सुमारे ३६ किलोंचा होतो, तर साडेतीन सेंटिमीटर जाडीत १५ किलोंवर भागते, आणि रात्रीच्या गारव्यात तो लवकर निवतो, हा लाभ निराळाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात १९४४ पासून १९६७ पर्यंत राहिलेले जॉन डॉब्सन यांनी जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचांतून पातळ आरसे घडवून हा शिरस्ता बेलाशक मोडला.

मात्र आधार आणि जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वाक सोळापट होतो. आणि पृष्ठभागाला मुभा असते ती प्रकाशलहरीच्या एक-अष्टमांशाची, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे चौदा हजाराव्या भागाची! यावरील तजवीज डब्लिनच्या टॉमस ग्रब यांनी केली आणि लॉर्ड रॉस यांनी १८४५ च्या आपल्या सहा फुटी दुर्बिणीत ती स्वीकारली. त्याच धर्तीच्या आजच्या अठरा टेकूंच्या बैठकीत आरशाखाली सहा त्रिकोणी पत्रे असतात. प्रत्येकाच्या तिन्ही कोपऱ्यांवर आरसा टेकतो. दोन-दोन त्रिकोण एकेका दांडीच्या टोकांवर डोलतात, आणि अशा तीन दांड्या तीन बोल्टांवर मधोमध तोललेल्या असतात. तराजूप्रमाणे प्रत्येक सांधा भाराची वाटणी आपोआप करतो, अट एवढीच की तो मोकळा हलला पाहिजे. हौसेने आवळलेली एक चाकी सारा बंदोबस्त निकामी करते.

दुर्बीण क्षितिजाकडे कलली, की भार पाठीवरून कडेवर येतो, आणि माझ्या मते बहुतेक बैठकी येथेच फसतात. कडेचे दोन टेकू तळबिंदूपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, आणि आरशाच्या गुरुत्वमध्याच्या पातळीत हवेत. अंतर्वक्र आरशात ती पातळी जाडीच्या मध्याहून किंचित मागे असते. आरशाला पुढून अडवणाऱ्या आकड्यांनी काचेस स्पर्शही करू नये. आरसा टेकावा, जखडू नये.

एवढे करूनही तारा नाभीच्या एका बाजूस उभा आणि दुसऱ्या बाजूस आडवा लांबट दिसलाच, तर आरसा बैठकीत थोडा फिरवून पुन्हा पाहावे: लांबटपणा आरशाबरोबर फिरला तर खोट काचेत, जागच्या जागी राहिला तर बहुधा बैठकीत.