विद्युत मोटारीचे प्रवासातील चार्जिंग

विद्युत मोटारीचे प्रवासातील चार्जिंग म्हणजे घराबाहेर, वाटेवरील सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी उपलब्ध असलेल्या वीजजोडणीवरून मोटारीची बॅटरी भरून घेणे. वाटेत आढळणारे सॉकेट एकाच घडणीचे नसतात. त्यामुळे लांबच्या प्रवासात निरनिराळे अ‍ॅडॉप्टर सोबत बाळगण्याची पद्धत रूढ झाली आहे. अ‍ॅडॉप्टर दोन वेगळ्या आकारांच्या जोडण्या जुळवतो, परंतु त्यामुळे सॉकेटची, तारेची किंवा मोटारीची विद्युत क्षमता वाढत नाही. या मालिकेतील सर्वांत दुर्बल घटक जेवढा प्रवाह सुरक्षितपणे वाहून नेऊ शकतो, तेवढ्यावरच चार्जिंगचा वेग आणि सुरक्षितता अवलंबून असते.

मुंबई, पुणे, शिर्डी, सापुतारा आणि धुळे या दिशांना जाणारे रस्ते नाशिक येथे एकत्र येतात. घाटरस्ते, तीर्थक्षेत्रांतील मुक्काम आणि ग्रामीण वीजजोडण्या या तिन्ही बाबी या परिसरात असल्याने प्रवासातील चार्जिंगचे बहुतेक प्रश्न येथे पाहावयास मिळतात.

## चार्जिंगचे दोन मार्ग

बॅटरीत वीज एकदिश, म्हणजे डीसी, स्वरूपात साठवली जाते. घरोघरी येणारा पुरवठा मात्र २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, असतो. हे रूपांतर कोठे होते यावरून चार्जिंगचे दोन मार्ग पडतात.

एसी चार्जिंगमध्ये रूपांतर करणारे उपकरण मोटारीतच बसवलेले असते. त्याची क्षमता सामान्यतः ३.३, ७.२ किंवा ११ किलोवॅट असते. ३.३ किलोवॅटचे उपकरण असलेली मोटार २२ किलोवॅटच्या चार्जरला जोडली, तरी ती ३.३ किलोवॅटच्या वेगानेच भरते.

डीसी चार्जिंगमध्ये रूपांतर केंद्रावरील यंत्रात होते आणि वीज थेट बॅटरीकडे जाते. येथे किती व्होल्ट व किती अँपिअर द्यावयाचे हे मोटार आणि चार्जर परस्परांना सतत संदेश पाठवून ठरवतात. त्यामुळे डीसी जोडणीत आकाराइतकीच संदेशवहनाची पद्धतही जुळावी लागते.

## भारतातील जोडण्यांचा विकास

भारतातील सुरुवातीच्या विद्युत मोटारींना वेगळ्या सॉकेटची गरज नव्हती. बंगळूर येथे तयार झालेली आणि २००१ मध्ये बाजारात आलेली रेवा, तसेच २०१३ मधील महिंद्रा ई२ओ या मोटारी घरातील १५ अँपिअरच्या तीन पिनांच्या सॉकेटवर चार्ज होत. बोलीभाषेत ‘पॉवर प्लग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सॉकेटवर गिझर किंवा वातानुकूलन यंत्र चालते.

पुढील टप्प्याचा नाशिकशी संबंध आहे. महिंद्राच्या नाशिक येथील कारखान्यात २००७ पासून तयार होणाऱ्या लोगन या मोटारीचे नाव २०११ मध्ये व्हेरिटो झाले. तिची विद्युत आवृत्ती ई-व्हेरिटो २०१६ मध्ये आली. तिची बॅटरी ७२ व्होल्टची होती. अशा कमी व्होल्टच्या वाहनांसाठी २०१७ च्या सुमारास ‘भारत एसी-००१’ आणि ‘भारत डीसी-००१’ ही विनिर्देशने प्रचारात आली. एसी-००१ मध्ये औद्योगिक वापरातील निळ्या गोल सॉकेटवर प्रत्येकी १५ अँपिअरचे तीन मार्ग असत. डीसी-००१ ची कमाल क्षमता १५ किलोवॅट होती आणि त्यात चीनमधील जीबी/टी पद्धतीची जोडणी वापरली जाई.

२०१९ मधील ह्युंदाई कोना आणि २०२० मधील टाटा नेक्सॉन ईव्ही व एमजी झेडएस ईव्ही या मोटारींनी मात्र तीनशे व्होल्टांहून अधिक दाबाची बॅटरी आणि युरोपात प्रचलित असलेली सीसीएस-२ जोडणी स्वीकारली. या जोडणीच्या वरच्या भागात एसीसाठी सात छिद्रांचे टाइप-२ सॉकेट असते आणि त्याखाली डीसीसाठी दोन जाड पिना असतात. डिसेंबर २०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक सार्वजनिक केंद्रावर पाच प्रकारचे चार्जर अपेक्षित होते. ऑक्टोबर २०१९ च्या सुधारित सूचनांनी ही सक्ती शिथिल केली. त्यानंतर चारचाकी मोटारींसाठी सीसीएस-२ हीच भारतातील प्रमुख जोडणी ठरली.

## अ‍ॅडॉप्टरचे प्रकार

प्रवासात वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅडॉप्टरचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येते.

भिंतीकडील अ‍ॅडॉप्टर : मोटारीसोबत मिळणाऱ्या पोर्टेबल चार्जरचा प्लग आणि भिंतीवरील सॉकेट यांच्यामध्ये हा बसतो. निळ्या औद्योगिक सॉकेटवरून १५ अँपिअरच्या सॉकेटकडे नेणारा अ‍ॅडॉप्टर या प्रकारात मोडतो. दोन्ही टोके समान क्षमतेची असल्यास तो सुरक्षित ठरतो. मोठ्या पिनांचा प्लग ६ अँपिअरच्या लहान सॉकेटमध्ये बसवणारा अ‍ॅडॉप्टर मात्र धोकादायक असतो. लहान सॉकेट आणि त्यामागील बारीक तार १५ अँपिअरसाठी बनवलेली नसते. पोर्टेबल चार्जरवर प्रवाह ६ अँपिअर किंवा त्याहून कमी ठेवण्याची सोय असेल, तरच अशा सॉकेटचा विचार करता येतो.

टाइप-२ वरून घरगुती सॉकेट देणारा अ‍ॅडॉप्टर : टाइप-२ चार्जर जोडणी झाल्याबरोबर वीज सोडत नाही. तो एका तारेवरून १ किलोहर्ट्झचा सूचक संकेत पाठवतो आणि समोर वाहन असल्याची खात्री झाल्यावरच पुरवठा सुरू करतो. या संकेताच्या रुंदीवरून किती प्रवाह घेता येईल हे मोटारीला कळते. उदाहरणार्थ, २५ टक्के रुंदीचा अर्थ १५ अँपिअर असा होतो. या प्रकारचा अ‍ॅडॉप्टर आतील रोधाच्या साहाय्याने समोर वाहन असल्याचे भासवतो. त्यामुळे पुढे जोडलेल्या उपकरणाला ती मर्यादा कळत नाही आणि जोडणी अतिभारित होऊ शकते.

डीसी अ‍ॅडॉप्टर : सीसीएस पद्धतीत मोटार आणि चार्जर सूचक तारेवरूनच उच्च वारंवारतेचे संदेश पाठवतात, तर जीबी/टी आणि चाडेमो या पद्धतींत त्यासाठी कॅन नावाची वेगळी संदेशप्रणाली वापरली जाते. त्यामुळे केवळ पिना जुळवून सीसीएस-२ चा चार्जर जीबी/टीच्या मोटारीला चालत नाही. संदेशांचे भाषांतर करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल लागते. ई-व्हेरिटोसारख्या ७२ व्होल्टच्या मोटारीच्या बाबतीत व्होल्टमधील तफावतही आड येते. अमेरिकेत टेस्लाच्या जोडणीवर इतर कंपन्यांच्या मोटारी साध्या अ‍ॅडॉप्टरने चार्ज होऊ शकतात, कारण तेथील नव्या चार्जरमध्ये दोन्ही बाजूंना सीसीएसचीच संदेशभाषा वापरली जाते.

मोटारीतून वीज देणारा अ‍ॅडॉप्टर : काही मोटारींत चार्जिंगच्या जोडणीतून उलट दिशेने २३० व्होल्टची वीज घेता येते. हा अ‍ॅडॉप्टर मोटार भरण्यासाठी नसून मुक्कामाच्या ठिकाणी दिवे किंवा लहान उपकरणे चालवण्यासाठी असतो.

## तार आणि उष्णता

गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. मोटार मात्र आठ ते दहा तास अखंड १५ अँपिअर घेते. घरगुती वायरिंगवर इतका दीर्घ भार क्वचितच पडतो. म्हणून एरवी व्यवस्थित चालणारा सॉकेटही चार्जिंगच्या वेळी तापू शकतो.

तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची २० मीटर लांबीची एक्स्टेन्शन वापरल्यास जाण्या-येण्याच्या तारांचा एकूण रोध सुमारे ०.३ ओहम होतो. १५ अँपिअरला सुमारे ४.५ व्होल्ट कमी होतात आणि तारेत जवळपास ६७ वॅट उष्णता निर्माण होते. तीच लांबी १ चौरस मिलिमीटरच्या तारेची असेल, तर ही उष्णता १६० वॅटांहून अधिक होते. तार रिळावर गुंडाळलेली राहिल्यास उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळू शकते.

सैल जोड याहून घातक असतो. सॉकेटच्या ढिल्या पकडीत केवळ ०.१ ओहम रोध असला, तरी १५ अँपिअरला त्या एकाच बिंदूवर सुमारे २२ वॅट उष्णता साचते. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच शक्तीवर चालते. प्रत्येक अ‍ॅडॉप्टरमुळे असे नवे जोड मालिकेत भर घालतात. त्यामुळे अ‍ॅडॉप्टरला अ‍ॅडॉप्टर जोडणे टाळावे. चार्जिंग सुरू केल्यानंतर अर्ध्या तासाने प्लग हाताने तपासावा. तो हात ठेवता येणार नाही इतका तापला असल्यास चार्जिंग थांबवावे.

## अर्थिंग

मोटारीचा सांगाडा धातूचा असतो आणि ती रबरी चाकांवर उभी असते. चार्जिंगच्या वेळी आतील दोषामुळे सांगाड्यात वीज उतरल्यास ती जमिनीकडे नेणारा एकमेव खात्रीचा मार्ग म्हणजे अर्थिंगची तार. म्हणून बहुतेक पोर्टेबल चार्जर आधी अर्थिंग तपासतात आणि ते न आढळल्यास लाल दिवा दाखवून वीज देण्यास नकार देतात.

जुन्या वाड्यांत, शेतघरांत आणि लहान लॉजमध्ये सॉकेटला तीन छिद्रे असली, तरी तिसऱ्या छिद्रामागे अनेकदा तार नसते किंवा जमिनीतील पट्टी गंजलेली असते. अशा वेळी सॉकेटमधील न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडून चार्जरची फसवणूक करण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. तो प्राणघातक ठरू शकतो. मूळ न्यूट्रल तार तुटली, अथवा फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर मोटारीचा संपूर्ण सांगाडा २३० व्होल्टवर जातो आणि दाराला हात लावणाऱ्यास झटका बसतो. योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी ही दोन्ही साधने जोडणीवर असणे आवश्यक मानले जाते.

## नाशिक परिसरातील प्रवास

मुंबई ते नाशिक हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. मध्यम आकाराची मोटार एका युनिटमध्ये साधारणतः सहा ते सात किलोमीटर धावते, असे धरल्यास या अंतरासाठी सुमारे २५ ते २८ युनिट लागतात. मुंबई समुद्रसपाटीवर, तर इगतपुरी व नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. प्रवाशांसह १,८०० किलो वजनाची मोटार एवढी उंच चढवण्यासाठी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ३ युनिट ऊर्जा लागते. ही ऊर्जा जवळपास २० किलोमीटरच्या सपाट प्रवासाइतकी आहे. म्हणून कसारा घाट चढताना उरलेल्या अंतराचा आकडा झपाट्याने घसरतो.

उतरताना मोटारीतील विद्युत मोटर जनित्रासारखे काम करून या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत आणते. परंतु बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर तिला ही वीज घेता येत नाही आणि सारा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. त्यामुळे इगतपुरीहून घाट उतरण्यापूर्वी बॅटरी शंभर टक्के भरण्यात लाभ नसतो.

मुक्कामातील चार्जिंगचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर दहा तासांत, गळती वजा जाता, सुमारे ३० युनिट बॅटरीत जातात. नाशिकहून मुंबईला परतण्यास तेवढे पुरतात. ६ अँपिअरवर त्याच वेळात साधारण १२ युनिट, म्हणजे ७० ते ८० किलोमीटरची सोय होते. त्र्यंबकेश्वरला जाऊन येण्यास, म्हणजे सुमारे ६० किलोमीटरसाठी, ती पुरेशी आहे. पुण्याच्या सुमारे २१० किलोमीटरच्या प्रवासास नाही. ग्रामीण भागात संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरल्यास १५ अँपिअरला ३.४५ ऐवजी केवळ २.७ किलोवॅट मिळतात आणि चार्जिंगचा वेळ त्या प्रमाणात लांबतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यावर नाशिक जिल्हा मुंबई–नागपूर या ७०१ किलोमीटरच्या मार्गाशी पूर्णपणे जोडला गेला. अशा मार्गावर वेग अधिक असतो आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे एका युनिटमागे धावणारे अंतर घटते आणि तेथील प्रवासाचा हिशेब अ‍ॅडॉप्टरऐवजी डीसी केंद्रांवर बसवावा लागतो.

## नियम आणि वीजदर

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले की, वाहन चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे; त्यासाठी परवान्याची आवश्यकता नाही. या स्पष्टीकरणामुळे हॉटेल, पेट्रोल पंप आणि ढाबे यांना चार्जिंगची सोय पुरवणे सुलभ झाले. महाराष्ट्रात सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी वीजदराचा स्वतंत्र वर्ग आहे.

कृषिपंपाच्या जोडणीवरून मोटार चार्ज करणे मात्र नियमबाह्य आहे. मंजूर कारणाव्यतिरिक्त अन्य कामासाठी केलेला वापर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत ठरतो आणि त्याची आकारणी जोडणीधारकाकडून होते. दिंडोरी किंवा निफाड परिसरातील द्राक्षबागेत मुक्कामास गेलेल्या पाहुण्याच्या चार्जिंगचा भुर्दंड अशा रीतीने शेतकऱ्यावर पडू शकतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत २०१९ मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी तरतुदी समाविष्ट करण्यात आल्या. त्यानुसार चार्जिंगच्या केबलला एक्स्टेन्शन जोडता येत नाही आणि केबलचे टोक व मोटारीतील सॉकेट यांच्यामध्ये अ‍ॅडॉप्टर वापरता येत नाही. पार्किंगमधील सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावा, अशीही तरतूद आहे. पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यापासून जोडणीचे त्यामुळे रक्षण होते.