कुलपाची हूल

'कुलूप' हा शब्द मराठीत अरबीतून आला. मूळ शब्द 'कुफ्ल'. आपल्या तोंडी तो असा रुळला, की परका वाटतच नाही. कुलूपही तसंच. रोज हाताखालून जातं, पण त्याच्या पोटात काय चालतं हे आपण सहसा विचारत नाही.

चपट्या, दातेरी किल्लीनं उघडणारं दाराचं कुलूप घ्या. त्याला आजचं रूप दिलं अमेरिकेतल्या लायनस येल (धाकटे) यांनी, 1860 च्या दशकात. बाहेर घट्ट बसवलेलं घर आणि आत फिरणारा गाभा. दोन्हींतून जाणारी पाच-सहा भोकं. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना, त्यांच्यावर स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरच्या पिना अर्ध्या घरात, अर्ध्या गाभ्यात अडकून राहतात आणि गाभा हलत नाही. बरोबर किल्ली प्रत्येक जोडीला हवं तेवढंच उचलते. दोन पिनांमधले सांधे गाभ्याच्या कडेशी येतात आणि कुलूप उघडतं.

यात एक कच्चा दुवा आहे. भोकं कितीही नेटकी पाडली तरी केसभर फरक राहतोच. त्यामुळे गाभ्याला हलका पीळ दिला, की सगळ्या पिना सारख्या अडकत नाहीत. एखादीच आधी अडकते. ती तारेनं उचलून जागी बसवली, की पुढची अडकते. किल्ली जे काम एका दमात करते, ते तार एकेक करून करते.

यावर कारागिरांनी तोड काढली. वरची पिन सरळ न ठेवता तिची कंबर कोरली. दिसायला दोऱ्याच्या रिळासारखी. काही पिना अळंबीच्या आकाराच्या, तर काहींच्या अंगभर खाचा. किल्लीला याचा काहीच त्रास नाही. तारेनं उचलताना मात्र पिन तिरकी होते आणि तिची कंबर कडेवर अडकते. गाभा थोडासा फिरतो नि थांबतो. बोटांना वाटतं, जमलं! पण ती हूल असते. त्यातून सुटायचं तर पीळ सैल करून गाभा किंचित उलटा सरकू द्यावा लागतो. त्या नादात आधी बसवलेल्या पिनाही खाली येऊ शकतात. सराईत हात यातूनही वाट काढतो, पण त्याला वेळ लागतो. आणि चोराकडे वेळच नसतो.

हे सगळं असं उघड सांगावं का? हा वाद जुना आहे. 1851 मध्ये लंडनला भव्य प्रदर्शन भरलं होतं. तिथं आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कुलूपकारानं चब कंपनीचं नामांकित 'डिटेक्टर' कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं. मग ब्रामा कंपनीचं आव्हान स्वीकारलं. उघडणाऱ्याला 200 गिनी, अशी पाटी त्यांच्या दुकानात कित्येक वर्षं झळकत होती. सोळा दिवसांत मिळून 51 तास खपून हॉब्जनं तेही उघडलं. खळबळ माजली. चोरांना शहाणं करताय, असा आरोप झाला. हॉब्जचं म्हणणं साधं होतं : चोरांना त्यांची विद्या आधीच येते; अंधारात असतो तो घरमालक.

मला ते पटतं. दोष झाकल्यानं कुलूप बळकट होत नाही. तो कळला तरच कारागीर पुढची पिन कोरतो. अट एवढीच, की हात फक्त आपल्या मालकीच्या कुलपावर चालवावा.

आपण काय करावं? कुलूप घेताना, आत अशा सुरक्षा पिना आहेत का, हे दुकानदाराला जरूर विचारावं. आणि घरी आल्यावर कडी-कोयंडा नि चौकटीचे स्क्रू हलवून पाहावेत. आत इतक्या चतुर पिना असून कोयंडाच पहारीच्या एका हिसक्यात निघत असेल, तर तारेनं खटपट करत बसायची चोराला गरजच काय?