शाळेतला खेळाडू पुढे काय करतो?

कोणत्याही हायस्कुलात जा. हेडमास्तरांच्या खोलीत काचेचे एक कपाट असते. त्यात ढाली असतात, करंडक असतात, एखादा जुना फोटो असतो. करंडकावर साल कोरलेले असते. पण ज्या मुलांनी तो जिंकला ती पुढे कुठे गेली, असे विचारले तर बहुधा कोणालाच सांगता येत नाही. आणि घरी खेळाचा विषय निघाला की वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो, "खेळून पोट भरतं का रे?"

प्रश्न रास्त आहे. त्याला नुसते "हो" म्हणून चालणार नाही आणि "नाही" म्हणूनही चालणार नाही. तेव्हा आपण काही खेळाडूंची आयुष्येच समोर ठेवू आणि उत्तर शोधू. सुरुवात ठाण्यापासून करू.

ठाण्याला दादोजी कोंडदेव स्टेडियमजवळ बॅडमिंटनचे एक सभागृह आहे. त्याला खंडू रांगणेकरांचे नाव आहे. तिथे रोज रॅकेट घेऊन येणाऱ्या मुलांना वाटत असेल की हे कोणी बॅडमिंटनपटू असावेत. ते बॅडमिंटन खेळतही, पण देशाने त्यांना ओळखले ते क्रिकेटमुळे. १९१७ साली जन्मलेले हे डावखुरे फलंदाज १९४७-४८ साली लाला अमरनाथांच्या संघातून ऑस्ट्रेलियाला गेले. तिथे ते तीन कसोटी सामने खेळले आणि त्यांच्या धावा झाल्या सगळ्या मिळून ३३. एवढाच आकडा पाहिला तर माणूस अपयशी ठरेल. पण देशातल्या प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांची सरासरी चाळिशीच्या वर होती. बॅट ठेवल्यावर त्यांनी मैदान मात्र सोडले नाही. ते क्रिकेटच्या कारभारात शिरले आणि पुढच्या पिढीची व्यवस्था पाहू लागले. १९८४ साली ठाण्यातच त्यांचे निधन झाले. गावाने त्यांचे नाव जपले, ते काही त्या ३३ धावांसाठी नव्हे.

आता लोकलने थोडे पुढे जाऊ. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे साधारण ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांना सांगतो, सकाळच्या वेळी तीत मुंगीला शिरायला जागा नसते. अशा गर्दीत खांद्यावर किटबॅग घेऊन चढायचे, मुंबईच्या मैदानावर खेळायचे आणि संध्याकाळी परत येऊन अभ्यासाला बसायचे, हा इकडच्या कितीतरी मुलांचा दिनक्रम आहे.

त्यांतलाच एक मुलगा डोंबिवलीच्या स. वा. जोशी विद्यालयात शिकला. त्याचे नाव अजिंक्य रहाणे. जन्म १९८८ सालचा, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. वडील मुंबईच्या बेस्टमध्ये नोकरीला होते. मोठ्या शिबिराची फी परवडणारी नव्हती, म्हणून सातव्या वर्षी त्याला डोंबिवलीतल्याच एका लहानशा शिबिरात घातले. तिथली खेळपट्टी मॅटिंगची, म्हणजे जमिनीवर काथ्याची चटई अंथरलेली. लहानपणी आई एका हाताने धाकट्या भावाला आणि दुसऱ्या हाताने किटबॅग सांभाळत आपल्याला मैदानावर चालत नेई, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पुढे प्रवीण आमरे यांचे मार्गदर्शन मिळाले. कसोटी संघात प्रवेश झाला तो २०१३ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी.

डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. कर्णधार विराट कोहली घरी परतले आणि संघ रहाणेंच्या हाती आला. मेलबर्नला त्यांनी स्वतः ११२ धावा केल्या आणि सामना जिंकला. १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला मालिकाही जिंकली. त्या दिवशी चषक घेण्याआधी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या नॅथन लायन यांना भारतीय संघाच्या सह्या असलेला सदरा भेट दिला, कारण लायन यांचा तो शंभरावा कसोटी सामना होता. हरलेल्याचाही मान राखायचा, हे वळण लहानपणीच लागावे लागते.

पण एक गोष्ट विसरू नका. पुढच्याच वर्षी हेच रहाणे कसोटी संघाबाहेर गेले. २०२३ मध्ये परतले, आणि २०२४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही पुन्हा खालून सुरुवात करावी लागते. मग बाकीच्यांचे काय?

हे समजून घ्यायला डोंबिवली सोडून कऱ्हाडला जावे लागेल. तिथल्या टिळक हायस्कुलात १९४० ते ४७ या काळात गोळेश्वरचा एक मुलगा शिकत होता, खाशाबा जाधव. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तांबड्या मातीत वाढलेल्या मल्लाला तिथे गादीवर लढावे लागले होते. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग काय झाले? खाशाबांनी कुस्त्या लढवून प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ साली ते फौजदार म्हणून पोलीस खात्यात लागले. बढतीसाठी त्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसला, म्हणजे ७२ वर्षांनी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. वडील शिक्षक. मुलगा सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाच्या नोकरीत होता. महिन्याचा पगार चालू, म्हणून सराव चालू. खाशाबांना पदकानंतरही जे तीन वर्षे मिळाले नाही, ते कुसाळेंना पदकाआधी नऊ वर्षे मिळाले होते.

तर वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे. खेळ बहुतेकांना तिशी-पस्तिशीपर्यंत साथ देतो, आयुष्य त्यापुढेही असते. म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलाला मैदानावरून ओढून वर्गात कोंबू नका आणि मैदानासाठी वर्गही सोडायला लावू नका. स्पर्धेची प्रमाणपत्रे जपून ठेवायला शिकवा. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. पण प्रमाणपत्र पडताळणीत टिकले तरच त्यांचा उपयोग. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत वेळेवर चौकशी करा.

आणि आपल्या शाळेत एक वही घाला. कोणत्या साली कोण खेळले आणि आज ते काय करतात, एवढेच तीत लिहा. कोणी पोलिसात असेल, कोणी रेल्वेत, कोणी शेतावर. वर्षातून एकदा त्यांना बोलवा आणि मुलांसमोर उभे करा. पोट कसे भरले, हे तेच मुलांना सांगतील.