जामीन कोण राहणार?

हिंदुस्थानातल्या पहिल्या वृत्तपत्राचा जन्मच तुरुंगाच्या सावलीत झाला. कलकत्त्याचा जेम्स ऑगस्टस हिकी कर्जापायी कैदेत होता, तिथेच त्याने छपाईचा उद्योग मांडला. 1780 च्या जानेवारीत त्याने ‘बेंगॉल गॅझेट’ काढले. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जपासून सरन्यायाधीशापर्यंत कोण काय खातो, ते तो छापू लागला. अब्रुनुकसानीच्या खटल्यांत तो पुन्हा आत गेला आणि आतूनच अंक काढत राहिला. शेवटी 1782 मध्ये त्याचे खिळेच जप्त झाले. हिकी काही संत नव्हता. शिवराळ आणि खुनशी होता. पण रस्ता कुठे जातो, ते त्याने पहिल्यांदा दाखवले.

मराठी वाचकाला या रस्त्यावरचा दुसरा मुक्काम पाठ असतो, निदान त्याचे नाव तरी: डोंगरीचा तुरुंग. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून छळले जात आहे आणि त्यामागे संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या अवघ्या वर्षभराच्या पत्रांनी केला. बर्व्यांच्या म्हणून दाखवलेल्या पत्रांवर त्यांनी भरवसा ठेवला. बर्व्यांनी फिर्याद लावली, आणि ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, ती चालली नाही. जुलै 1882 मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून ते 101 दिवसांनी, 26 ऑक्टोबरला सुटले. डोंगरीच्या दाराशी स्वागताला गर्दी लोटली होती. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. त्यात पश्चात्तापापेक्षा दोन मित्रांच्या रात्रीच्या वादांचा आवाज मोठा आहे.

आपण ही गोष्ट विजयाची म्हणून सांगतो. खरे तर ती सदोष बातमीची गोष्ट आहे. कागद कुणी लिहिला, कुणी आणून दिला, हे तपासायला हवे होते. ते तपासले गेले नाही. महाराजांची दैना मात्र खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1883 मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असताना रखवालदार गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. बातमीचा पुरावा खोटा आणि मर्म खरे, असा तो विचित्र मामला होता.

त्यातला एक तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खटल्याच्या वेळी टिळक-आगरकरांना दहा हजारांचा जामीन हवा होता. तो भरला रामशेट उरवणे यांनी, आणि त्यामागे जोतीराव फुले होते. फुल्यांचे आणि ‘केसरी’कारांचे विचार किती जुळत, ते सांगायला नको. तरी जामीन उभा राहिला.

आजच्या तालुक्याच्या वार्ताहराचा जामीन कोण राहतो? त्याच्याकडे बहुतेकदा नेमणुकीचे पत्र नसते, ओळखपत्र असलेच तर मुदत संपलेले. पगाराऐवजी जाहिरातींवरचे कमिशन. सव्वीस जानेवारीला ज्या सरपंचाचे, ज्या ठेकेदाराचे हात जोडलेले फोटो ‘शुभेच्छुक’ म्हणून आणायचे, त्याच्याच रस्त्याची खडी फेब्रुवारीत मोजायची. (मोजायची भीती घालून पाकीट घेणारेही आहेत, हे धंद्यात सगळ्यांना माहीत असते. म्हणून तर प्रामाणिक माणसावर लावलेला खंडणीचा गुन्हाही लोकांना चटकन पटतो.)

कलमेही बदलली. 1882 मध्ये ज्याची अब्रू गेली तो कोर्टात गेला. उलटतपासणी झाली, मग शिक्षा झाली. आता बदनामीच्या फिर्यादीची वाट कोण पाहतो? फसवणूक, कट, सरकारी कामात अडथळा असे काहीतरी लावले की खटल्याआधीच आत टाकता येते. ऑगस्ट 2019 मध्ये मिर्झापूर जिल्ह्यातल्या सियूर गावच्या शाळेत मुले मध्यान्ह भोजनाला मीठ-पोळी खाताना पत्रकार पवन जयस्वाल यांनी चित्रित केली. गुन्हा त्यांच्यावरच दाखल झाला. तुम्ही छापील वर्तमानपत्राचे, मग व्हिडिओ का काढला, असा सवाल खुद्द जिल्हाधिकाऱ्यांनी केला! बोभाटा झाल्यावर जयस्वाल यांचे नाव वगळले गेले. पण सरपंचाच्या ज्या प्रतिनिधीने त्यांना शाळेत बोलावले, त्याला तोवर अटक झाली होती. बातमीदाराला धाक बसला नाही तरी बातमी देणाऱ्याला बसतो. जयस्वाल 2022 च्या मे महिन्यात कर्करोगाने गेले. उपचारांसाठी त्यांना जाहीरपणे मदत मागावी लागली होती.

2024 च्या ऑगस्टमध्ये बस्तरचे चार पत्रकार वाळूच्या चोरट्या धंद्यामागे कोंट्याकडे गेले. त्यांच्या गाडीत गांजा सापडला आणि आंध्रच्या पोलिसांनी त्यांना धरले. पाठोपाठ कोंट्याच्या ठाणेदारालाच अटक झाली. गांजाला जामीन सहजी मिळत नाही. ज्याने कोणी माल निवडला, त्याला कायदा ठाऊक होता.

आणि बलिया. मार्च 2022 मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या बारावीची इंग्रजीची प्रश्नपत्रिका फुटल्याचे तिथल्या पत्रकारांनी उघड केले. फुटलेला पेपर अधिकाऱ्यांनी मागितला म्हणून मोबाइलवरून पाठवला, असे त्यांच्यातल्या एकाचे म्हणणे होते. तो जवळ असणे हाच पुरावा ठरला. डोंगरीच्या प्रकरणात कागद खोटा निघाला होता. इथे तो इतका खरा निघाला, की सरकारने 24 जिल्ह्यांतली परीक्षा रद्द केली, जिल्हा शाळा निरीक्षकालाही अटक झाली. तीन पत्रकार मात्र आतच होते. 13 एप्रिलला फेरपरीक्षा झाली, मुलांच्या हाती नवी प्रश्नपत्रिका पडली. जुनी दाखवणाऱ्या तिघांना जामीन मिळाला, तो एप्रिल संपत आल्यावर.