तीन कॉर्ड आणि एक पालुपद

प्रेमात पडलेला माणूस फारसं नवीन बोलत नाही. तेच ते पुन्हा पुन्हा सांगतो. इंडी गिटार पॉपने हा दोषच गुण मानला.

१९८६ साली ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने ‘सी८६’ ही २२ गाण्यांची कॅसेट काढली. किणकिणती गिटार, थोडा कच्चा गळा आणि चटकन संपणारी गाणी हा तिच्यातल्या बऱ्याच बँडचा बाज होता. पुढच्याच वर्षी क्लेअर वॅड आणि मॅट हेन्स यांनी ब्रिस्टलमध्ये ‘सारा रेकॉर्ड्स’ ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली आणि लाजऱ्याबुजऱ्या प्रेमगीतांना हक्काचं घर मिळालं.

अशा गाण्यात तीन-चार कॉर्ड फिरून फिरून येतात. पुढचा सूर कुठला, हे कानाला आधीच कळतं, आणि अंदाज खरा ठरण्यातच गंमत असते. ओळखीची गोष्ट केवळ ओळखीमुळेच आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं. शिवाय तीच ओळ चौथ्यांदा येते तेव्हा अर्थ मागे पडतो, उरतं ते आर्जव. आपल्याकडच्या पालुपदाचंही हेच काम.

गायक सुरात थोडा डळमळला तर उलट बरंच. शेजारचा मुलगा गातोय असं वाटतं. अर्थात, प्रत्येक साधं गाणं चांगलं नसतं. चाल पडेल असेल तर पुनरावृत्ती डोकेदुखीच.

‘सारा’ने स्वतःला मात्र पालुपद होऊ दिलं नाही. १९९५ मध्ये शंभराव्या प्रकाशनानंतर ती ठरवून बंद झाली.