शस्त्रक्रियेचीही रंगीत तालीम

खोंडाला पहिल्याच दिवशी कुरीला कोणी जुंपत नाही. आधी मोकळ्या रानात ओंडका ओढायला लावतात, शेजारी एखादा जाणता बैल देतात, आणि मगच त्याच्यावर पेरणीचा भरवसा टाकतात. खोंड बुजला, आडवा गेला, तरी त्या वेळी नुकसान काही नाही. मोकळ्या रानात एक वाकडी रेघ उमटते, एवढेच. हे आमच्या शेतकरी वाचकांना सांगायला नको. पण ज्या हाती आपण आपले पोट उघडायला देतो, तो हात कोणत्या रानात फिरवून तयार केलेला असतो, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात?

पुष्कळ वर्षे याचे उत्तर फारसे समाधानकारक नव्हते. शिकाऊ डॉक्टर थोरल्या सर्जनच्या शेजारी उभा राहून पाही, मग त्याच्या देखरेखीखाली स्वतः करी, आणि थोड्याच काळात दुसऱ्याला शिकवू लागे. एकदा पाहा, एकदा करा, एकदा शिकवा, अशी डॉक्टर मंडळींत म्हणच पडली होती. या रीतीनेही उत्तम सर्जन घडले, हे मान्य. तथापि पहिला वाकडा टाका कोणाच्या तरी अंगावरच पडायचा, आणि तो कोणी बहुधा फुकट उपचारासाठी आलेला गरीब असायचा.

वास्तविक याहून शहाणी रीत आपल्या देशात फार पूर्वी लिहून ठेवलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय सबंध याच विषयाला दिलेला आहे. हाताच्या सरावाला तेथे ‘योग्या’ म्हटले आहे, आणि कितीही शास्त्र पढलेला शिष्य असला तरी योग्या न केलेला मनुष्य कामाला अपात्र, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. सराव कशावर करायचा याची यादी वाचली तर परसातली बाग डोळ्यांपुढे उभी राहते. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. जखमेत सळई घालून खोली पाहण्याचा सराव किडीने पोखरलेल्या लाकडावर नि बांबूवर. रुतलेली वस्तू ओढून काढण्याचा सराव फणसाच्या गरावर. टाके घालायचे ते जाड विणीच्या कापडाच्या कडांना आणि मऊ चामड्याला. पट्ट्या बांधायच्या त्या माणसाएवढ्या बाहुल्याला. प्रत्येक कामाला हाताशी तशीच लागणारी वस्तू शोधून काढली आहे, हे आम्हांला विशेष वाटते. कलिंगड कापताना साल संपून गर कोठे लागला, हे बोटांना कळते ना? तीच जाण त्या शिष्याला हवी होती.

आता कोहळ्यावर हात बसतो, हे खरे. पण कोहळ्याचा श्वास अडकत नाही. हात तयार झाला म्हणजे संकटाच्या घटकेला डोकेही ठिकाणावर राहीलच, असे नाही. याचे एक दुःखद उदाहरण इंग्लंडमधले आहे.

२००५ सालच्या मार्च महिन्यात तेथे एका तरुण आईची नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांची, ज्यांना आपण सायनस म्हणतो त्यांची, साधी शस्त्रक्रिया व्हायची होती. भूल दिली, आणि श्वासाचा मार्ग बंद झाला. मुखवट्यातून हवा आत जाईना, घशातून नळी उतरेना. अशा वेळी काय करायचे हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले आहे: फार वेळ न दवडता गळ्याला पुढून छेद घेऊन तेथून वाट करायची. खोलीत अनुभवी डॉक्टर होते, एक नव्हे, तिघे. ते पुन्हा पुन्हा तोंडातूनच नळी घालत राहिले. एका नर्सने गळ्याला छेद घेण्याचे साहित्य आणून ठेवले आणि तसे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरून आपण उगाच घाबरलो की काय असे वाटून तिने ती परत सोडून दिली. वीस मिनिटांहून अधिक काळ त्या बाईंच्या मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही. १३ दिवसांनी त्या वारल्या. मागे दोन लहान मुले राहिली.

त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली हे व्यवसायाने वैमानिक. विमानाला अपघात झाला की चौकशी ही व्हायचीच, आणि ती कोणाला फासावर द्यावे म्हणून नव्हे तर पुढचे विमान वाचावे म्हणून, या शिस्तीत वाढलेला मनुष्य. त्यांनी येथेही तशी चौकशी मागून घेतली आणि २००७ साली डॉक्टर नि नर्सेस यांना ही शिस्त पटवून देणारी एक संस्था काढली. चौकशीत निघाले ते असे: कोणी अडाणी नव्हते, कोणी आळशी नव्हते. तरी कोणाला वेळेचे भान राहिले नाही, हुकूम नक्की कोणाचा चालतो हे ठरले नाही, आणि ज्यांना उपाय दिसत होता त्यांना मोठ्याने बोलण्याचा धीर झाला नाही.

भय वा घाई झाली की अंगात अॅड्रिनॅलिन नावाचा द्रव उसळतो. नाडी धावते, तोंड कोरडे पडते, बोटांना बारीक कंप सुटतो. बांधावर साप दिसला तर हा देहाचा उपकारच. पाय आपोआप मागे सरतात. पण बारीक कामात आणि विचारात तोच अडथळा ठरतो. डोळ्यांना झापडे लावलेल्या घोड्याप्रमाणे मनुष्य समोरची एकच गोष्ट पाहतो आणि जी चालत नाही तीच पुन्हा पुन्हा करतो. पाच मिनिटे गेली तरी त्याला एकच गेले असे वाटते. हा दोष स्वभावाचा नव्हे, मनुष्यमात्राचा आहे. म्हणून ‘शांत राहा’ असे नुसते बजावून भागत नाही. ती घटका आधी अनुभवलेली असावी लागते.

वैमानिकांना हे अगोदर उमगले होते. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थाने १९२९ साली जमिनीवरच हेलकावे खाणारे खोटे विमान बनवले. त्यांच्या घरचा धंदा पियानो नि ऑर्गन तयार करण्याचा, तेव्हा त्यांनी विमान हलवायला ऑर्गनचेच भाते वापरले. लोकांनी ते जत्रेतला खेळ म्हणून पाहिले. पुढे १९३४ साली टपाल नेताना खराब हवेत सैन्याचे अनेक वैमानिक मेले, तेव्हा सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली. शहाणपणाला बहुधा असाच उशीर होतो.

शस्त्रक्रियागृहात ही तालीम आणण्याचे मोठे काम स्टॅनफर्ड येथील भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात केले. मेजावर रोग्याऐवजी पुतळा. त्याला नाडी लागते, छाती वरखाली होते, यंत्रावर रक्तदाबाचे आकडे दिसतात. भोवती खरे डॉक्टर, खऱ्या नर्सेस, खरी हत्यारे. काम सुरळीत चाललेले असते आणि पडद्याआडून शिक्षक रक्तदाब एकदम उतरवतो, किंवा नाडीच थांबवतो. मंडळींना घाम फुटतो. पुतळा आहे हे ठाऊक असूनही फुटतो! मग सारे चित्रण लावून सर्वांना एकत्र बसवतात: या घटकेला तुम्ही काय पाहत होता? सिस्टरने सांगितले ते तुम्हांला ऐकू आले होते का? जाणकारांच्या मते खरे शिक्षण या बैठकीतच होते, पुतळ्यापाशी नव्हे. आम्हांला हे पटते. चूक करून उठून गेलेला मनुष्य तीच चूक घट्ट करतो.

याचा उपयोग मोजून पाहिलेला आहे. अमेरिकेत येल येथे १६ शिकाऊ सर्जनांपैकी निम्म्यांना दुर्बिणीने पित्ताशय काढण्याआधी संगणकाच्या पडद्यावर हात बसवू दिला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांचे काम २९ टक्के लवकर उरकले, आणि सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याचा वा भलताच भाग भाजण्याचा संभव पाचपट ठरला. २०१३ साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेच्या १७ चमूंपुढे पुतळ्यांवर १०६ संकटे उभी केली. संकटात करायच्या गोष्टींची छापील यादी हाताशी होती तेव्हा आवश्यक पायऱ्यांपैकी ६ टक्के सुटल्या. नुसत्या स्मरणावर २३ टक्के. ज्यांना यादी पाहून काम करणे कमीपणाचे वाटते, त्यांनी हे दोन आकडे भिंतीला लावावेत.

एक वाट तर बिनखर्चाची आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात २० नवशिक्या सर्जनांपैकी निम्म्यांना प्रत्येक तालमीआधी अर्धा तास डोळे मिटून ती शस्त्रक्रिया पायरीपायरीने मनात करायला लावली. त्यांची नाडी इतरांहून संथ राहिली आणि मनही कमी धास्तावले.

वाचक म्हणतील, ही लंडन-अमेरिकेची गोष्ट, आपल्याला काय? तर बेळगावचीच हकिकत सांगतो. प्रसंग शस्त्रक्रियेचा नाही, बाळंतपणाचा आहे; पण घाई तीच, किंबहुना अधिक. जन्मलेले मूल रडले नाही तर पहिल्या मिनिटातच त्याला कोरडे करून, पाठ चोळून, आणि तरीही श्वास घेईना तर मुखवटा व पिशवी यांनी हवा द्यावी लागते. त्यासाठी पाण्याने भरता येणारी, तान्ह्या मुलाच्या वजनाची एक स्वस्त बाहुली निघाली आहे. फुगा दाबला की तिच्या नाळेला ठोके लागतात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील व रुग्णालयांतील बाळंतपणे करणाऱ्या ५९९ जणांना हे शिक्षण दिले. आधीची ४,१८७ आणि नंतरची ५,४११ बाळंतपणे ताडून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या सुमारास दगावून मृत जन्मलेल्या मुलांचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले होते. जन्मानंतर महिनाभरात दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे पूर्वी मृत म्हणून बाजूला ठेवली जाणारी काही मुले श्वास घेऊ लागली आणि ती पुढेही जगली.

मात्र एकदा शिकवून प्रमाणपत्र दिले की झाले, असे नाही. टांझानियातील हायडम येथल्या रुग्णालयाने हा अनुभव प्रामाणिकपणे छापला. एका दिवसाच्या शिबिरानंतर तेथील दाया बाहुलीवर उत्तम काम करू लागल्या. खऱ्या मुलांच्या बाबतीत काही फरक पडला नाही. मग त्यांनी रीत बदलली. बाहुली कपाटात न ठेवता प्रसूतिगृहातच ठेवली, आणि प्रत्येकीने आठवड्यातून तीन ते पाच मिनिटे, पाळीवर असतानाच, तिच्यावर हात चालवायचा असे ठरवले. पहिल्या चोवीस तासांत दगावणाऱ्या मुलांची संख्या हजारी ११.१ होती, ती ७.२ झाली. बाहुली तीच होती, दायाही त्याच होत्या.